किल्ली फिरते, गाडी मात्र सुरू होत नाही
जुन्या स्पोर्ट्स कारचा दोष शोधताना भाग बदलण्यापूर्वी काय तपासावे?

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक सकाळ हमखास येते. किल्ली फिरवली जाते, पण इंजिनाचा परिचित आवाज येत नाही. कधी नुसती 'टक' होते, कधी तीही होत नाही. कधी इंजिन जोराने फिरत राहते, पण पेट घेत नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो. नवी बॅटरी बसते, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडतो. मग 'सेल्फ' बदलला जातो, त्यानंतर आल्टरनेटर, त्यानंतर पेट्रोलचा पंप. बराच खर्च झाल्यावर दोष सापडतो तो गंज धरलेल्या अर्थिंगच्या एखाद्या बोल्टमध्ये.

अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे ही दुरुस्तीची सर्वांत महागडी पद्धत आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत ती अधिकच घातक ठरते, कारण काढून टाकलेला मूळ भाग पुष्कळदा चांगला असतो आणि त्याच्या जागी येणारा नवा भाग त्या दर्जाचा मिळेलच असे नसते. वास्तविक गाडी सुरू न होण्याचे प्रकार मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. ती खूण ओळखण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. कान, नाक, एक साधा मल्टिमीटर आणि तपासणीचा क्रम एवढी सामग्री पुरेशी होते.

हा क्रम समजून घेण्यासाठी माझदा कंपनीच्या 'एमएक्स-५' या गाडीचे उदाहरण सोयीचे आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील वाहन प्रदर्शनात ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी प्रथम मांडण्यात आली. अमेरिकेत ती 'मियाटा', तर जपानमध्ये 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. पुढे असलेले १५९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स अशी तिची सुटसुटीत रचना होती. सर्व पिढ्या मिळून या गाडीचे उत्पादन २०१६ मध्ये दहा लाखांवर गेले. पहिल्या पिढीतील गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे, तरी त्यांतील अनेक गाड्या रस्त्यावर धावतात. त्यांच्या सुरू न होण्याच्या तक्रारीही ठरावीक आहेत.

दोन स्वतंत्र कामे

गाडी 'सुरू होते' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात दोन निरनिराळी कामे घडत असतात. पहिले काम इंजिन फिरवण्याचे. बॅटरीतील वीज सेल्फच्या मोटरला मिळते, मोटरचे लहान दंतचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरू लागते. दुसरे काम इंजिन पेटवण्याचे. त्यासाठी योग्य वेळी पेट्रोल, योग्य प्रमाणात हवा आणि योग्य क्षणी ठिणगी मिळावी लागते.

या दोन कामांचे मार्ग बहुतांशी वेगळे आहेत. इंजिन जोमाने फिरत असेल, तर सेल्फ बदलण्यात अर्थ नाही. इंजिन फिरतच नसेल, तर स्पार्क प्लग काढून पाहण्यात वेळ दवडू नये. दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे, हे ठरवणे ही तपासणीची पहिली पायरी होय. अनेक दुरुस्त्या फसतात त्या हीच पायरी गाळल्यामुळे.

आवाज काय सांगतो?

तपासणीची सुरुवात कानाने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा, क्लच पूर्ण दाबावा आणि किल्ली फिरवून ऐकावे.

पूर्ण शांतता असेल आणि डॅशबोर्डवरील दिवेही लागत नसतील, तर बॅटरी पूर्णपणे उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवरील जोड सुटलेला असतो. दिवे लागतात, पण किल्ली पुढे फिरवल्यावर काहीच हालचाल होत नाही, असे असेल तर सेल्फपर्यंत आदेशच पोहोचत नाही. संशय किल्लीच्या स्विचवर, क्लचच्या स्विचवर, रिलेवर अथवा एखाद्या फ्यूजवर जातो.

'टक-टक-टक-टक' असा जलद आवाज ही अशक्त बॅटरीची किंवा खराब जोडाची खूण आहे. सेल्फवरील सोलेनॉइड हा एक विद्युतचुंबक असतो. तो ओढला गेला की मोटर प्रचंड वीज मागते, त्या ओढीने बॅटरीचा दाब कोसळतो आणि चुंबक सुटतो. भार हटताच दाब पुन्हा वाढतो आणि चुंबक पुन्हा ओढला जातो. एकच ठसठशीत 'टक' होऊन पुढे शांतता पसरली, तर सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क झिजलेले असावेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपत आलेले असावेत. मोटर 'घुंई' करून फिरते, पण इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा गॅरेजच्या भाषेतील 'बेंडिक्स' निकामी झालेला असतो.

इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि वेगाने फिरत असल्याचा भास होत असेल, तर मात्र सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते. त्याचा विचार पुढे येईल.

दिवे लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?

'दिवे तर लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे,' हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. एक लहान हिशोब मांडला की तो का चुकीचा आहे, हे ध्यानात येते.

बॅटरीच्या टोकावर गंज चढून तेथे केवळ ०.०१ ओहम इतका रोध निर्माण झाला आहे, असे समजू. हेडलाइटचा दिवा साधारण ५ अँपिअर प्रवाह घेतो. या प्रवाहाला त्या जोडावर अवघे ०.०५ व्होल्ट गमवावे लागतात. दिव्याच्या प्रकाशात फरक जाणवतही नाही. सेल्फ मात्र १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो. त्याच जोडावर आता १.५ व्होल्टची तूट येते. असे दोन-तीन जोड मार्गात असतील, तर सेल्फच्या वाट्याला इंजिन फिरवण्याइतका दाब उरत नाही. एवढा सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरवर थेट मोजता येत नाही. म्हणून तार जोडलेली आणि वरून धडधाकट दिसली, तरी ती निर्दोष आहे असे मानू नये.

एमएक्स-५ मध्ये हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. वजनाचा समतोल साधण्यासाठी या गाडीची बॅटरी बॉनेटखाली न ठेवता मागे डिकीत, उजव्या कोपऱ्यात बसवलेली आहे. सेल्फ पुढे इंजिनाजवळ असल्याने वीज जवळजवळ संपूर्ण गाडीची लांबी ओलांडून जाते आणि पत्र्यातून परत येते. जितका मार्ग लांब, तितकी तूट येण्याची शक्यता अधिक.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे. नंतर इंधन-इंजेक्शनचा फ्यूज काढून ठेवावा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दुसऱ्या व्यक्तीस काही सेकंद सेल्फ मारण्यास सांगावे. त्या वेळी बॅटरीच्या टोकांवरील दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी अशक्त समजावी. तो टिकून राहिला, तर बॅटरीला दोषमुक्त करावे आणि तारांकडे वळावे. बॅटरीचे धन टोक व सेल्फवरील जाड तारेचा बोल्ट यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारल्यास अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक तूट दिसू नये. ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये ०.३ व्होल्टपेक्षा अधिक तूट असेल, तर अर्थिंग खराब आहे. ज्या टप्प्यावर तूट आढळते, तेथेच दोष असतो. तो जोड उघडून, घासून, पुन्हा घट्ट आवळला की काम भागते. त्याला नवा भाग लागत नाही.

समुद्राजवळच्या दमट हवेत अर्थिंगचे हे दुखणे अधिक संभवते. गोव्यात तयार झालेल्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी गाडीसारख्या फायबरग्लासच्या गाड्यांत तर आणखी एक अडचण असते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे परतीचा सारा प्रवाह सांगाड्यातून आणि स्वतंत्र तारांतून जातो. तेथील एक बोल्ट जरी गंजला, तरी गाडी मुकी होते.

बॅटरी वारंवार उतरत असेल, तर गाडी बंद असतानाही कोठेतरी वीज खर्च होत आहे का, हे पाहावे. ही गळती ५० मिलिअँपिअर इतकीच असली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास वीज जाते. सुमारे ३० अँपिअर-तासांची लहान बॅटरी त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत निम्मी होते. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीला असा हिशोब परवडत नाही.

क्लचखालचा छोटा स्विच

मॅन्युअल गाडीचे म्हणून एक खास दुखणे आहे. गाडी गिअरमध्ये असताना चुकून किल्ली फिरवली, तर ती पुढे उडी घेते. हा अपघात टाळण्यासाठी अमेरिकेत विकल्या गेलेल्या मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या पेडलजवळ एक स्विच बसवलेला असतो. पेडल पूर्ण दाबल्याशिवाय तो सेल्फला वीज जाऊ देत नाही.

अनेक जपानी गाड्यांत हा स्विच पेडलवरील रबराच्या वा प्लॅस्टिकच्या एका लहानशा गुंडीने दाबला जातो. वीस-पंचवीस वर्षांनी ही गुंडी ठिसूळ होऊन फुटते. तिच्या जागी उरलेल्या भोकात स्विचचे टोक शिरते आणि पेडल दाबूनही स्विच दाबला जात नाही. परिणाम एवढाच, की दिवे लागतात, रेडिओ वाजतो, पण सेल्फकडून 'टक'सुद्धा येत नाही. पायाखालच्या पायपुसण्यावर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे दिसले, तर दोष सापडलाच असे समजावे. या किरकोळ गुंडीपायी संपूर्ण सेल्फ उतरवण्याची वेळ येते, ती केवळ कोणी खाली वाकून पाहत नाही म्हणून.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

सेल्फ जोमाने इंजिन फिरवत असेल, तर दोष दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. येथे प्रश्न दोनच: ठिणगी आहे का आणि पेट्रोल आहे का?

काही वेळ सेल्फ मारल्यानंतर एक स्पार्क प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि ठिणगीवर संशय घ्यावा. तो कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलचा मार्ग तपासावा. इंजिन फिरत असताना डॅशबोर्डवरील टॅकोमीटरचा काटा किंचित थरथरतो का, हेही पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत या काट्याला प्रज्वलन यंत्रणेकडूनच संकेत मिळतो. तो हलत असेल, तर यंत्रणा निदान जागी आहे.

एमएक्स-५ मध्ये डिस्ट्रिब्युटर नाही. दोन इग्निशन कॉइल प्रत्येकी दोन सिलिंडरना ठिणगी देतात. एक कॉइल बिघडली, तर इंजिन दोन सिलिंडरवर अडखळत का होईना, धडपड करते. चारही सिलिंडरमध्ये एकाच वेळी ठिणगी नसेल, तर कॉइल बदलण्यापूर्वी त्या सर्वांना समान असलेली गोष्ट शोधावी. मुख्य रिले, वीजपुरवठा किंवा सिलिंडर हेडच्या मागील बाजूस असलेला, इंजिनाची स्थिती कळवणारा सेन्सर यांपैकी एकात दोष असण्याचा संभव अधिक.

पेट्रोलच्या पंपासाठी या गाडीत एक सोय आहे. बॉनेटखालील तपासणीच्या लहान डबीत दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडली आणि किल्ली 'ऑन' केली, की पंप चालू होतो. टाकीकडून त्याची गुणगुण ऐकू आली, तर पंप जिवंत आहे. मग दोष त्याला वीज देणाऱ्या मार्गात शोधावा. टोके कोणती, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहूनच हा प्रयोग करावा.

सुरू होते आणि लगेच बंद पडते

किल्ली धरून ठेवली की इंजिन पेटते, सोडली की विझते, हा प्रकार गूढ वाटतो; पण पहिल्या पिढीच्या १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये त्याचे उत्तर रचनेतच आहे. या इंजिनात येणारी हवा मोजण्यासाठी एक झडपेचा मीटर बसवलेला आहे. सेल्फ फिरत असेपर्यंत पंपाला किल्लीकडून वीज मिळते. किल्ली सोडल्यानंतर मात्र ती हवेच्या झोताने उघडलेल्या या झडपेवरील स्विचमधून मिळते. हवा नाही, तर इंजिन थांबले आहे असे मानून पंप बंद व्हावा, हा त्यामागील सुरक्षेचा विचार आहे.

आता मीटरच्या पुढील रबरी नळीला मोठी चीर गेली, तर इंजिन त्या चिरेतून हवा ओढते, झडप उघडत नाही आणि पंप थांबतो. पंप, रिले, संगणक असे सर्व काही बदलूनही हा दोष जात नाही. कारण दोष असतो तो जुन्या झालेल्या रबरात. नळी हाताने वाकवून पाहिली, की चीर उघडी पडते.

गाडी बदलली की संशयितही बदलतात

क्रम तोच राहिला, तरी प्रत्येक गाडीची दुखरी जागा वेगळी असते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या ब्रिटिश 'एमजीबी'मध्ये किल्ली 'ऑन' करताच पेट्रोलच्या विद्युत पंपाची टिकटिक ऐकू येते. ती आली नाही, तर जाणकार मालक पुढे जाण्यापूर्वी पंपाकडे वळतो.

१९८२ ते १९९१ या काळातील 'पोर्श ९४४'ची गोष्ट निराळी. तिच्यात इंजिनाचा संगणक आणि पेट्रोलचा पंप या दोघांना एकच रिले वीज देतो. आतील डाखाचे जोड उष्णतेने तडकले, की गाडी थंड असताना सुरू होते, तापल्यावर रुसते आणि निवल्यावर पुन्हा मुकाट सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती 'बरी' झालेली असते. म्हणूनच या गाडीचे अनेक मालक एक जादा रिले गाडीतच बाळगतात.

याच दोन गाड्यांत टायमिंग बेल्टचाही महत्त्वाचा फरक आहे. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये बेल्ट तुटला, तरी सामान्यतः झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. नवा बेल्ट बसवून गाडी मार्गी लागते. पोर्श ९४४ मध्ये मात्र ते आदळतात आणि झडपा वाकतात. चालत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडले असेल, तर बेल्ट तपासण्यापूर्वी 'एकदा सेल्फ मारून पाहू' हा मोह अतिशय महागात पडू शकतो. एका गाडीत निरुपद्रवी असलेली कृती दुसऱ्या गाडीत इंजिनाचा बळी घेते, हे ध्यानी ठेवावे.

धक्का: उपाय आणि चाचणीही

मॅन्युअल गिअरबॉक्सचा एक मोठा लाभ म्हणजे धक्का मारून गाडी सुरू करता येते. आपल्याकडे याकडे केवळ अडीअडचणीचा उपाय म्हणून पाहिले जाते. परंतु ती एक उत्तम चाचणीही आहे. किल्ली 'ऑन' ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडीला पुरेसा वेग आल्यावर क्लच सोडला आणि इंजिन चटकन पेटले, तर पेट्रोल, हवा व ठिणगी या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. दोष सेल्फ, बॅटरी, तारा किंवा स्विच यांत आहे. दिवे लख्ख लागत असूनही धक्क्याने इंजिन पेटत नसेल, तर दोष दुसऱ्या बाजूला आहे. सुरुवातीला सांगितलेली पहिली पायरी या एका प्रयोगाने पूर्ण होते.

मात्र त्याला मर्यादा आहेत. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर संगणक आणि पंप दोन्ही चालत नाहीत आणि कितीही धक्का मारला तरी उपयोग होत नाही. ठिणगीच नसताना पुन:पुन्हा धक्का मारल्यास न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन ते निकामी करू शकते. बेल्टविषयी शंका असेल, तर धक्का मुळीच मारू नये. इंजिन बंद असताना ब्रेक जड होतो आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप लागते. म्हणून हा प्रयोग उतारावर किंवा रहदारीत करू नये.

काही पथ्ये

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान मिनिटभर विश्रांती द्यावी. अन्यथा मोटर तापून जळते. बॅटरीची तार काढताना ऋण टोक प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी लावावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेताना शेवटची ऋण चिमटी बॅटरीवर न लावता दूरच्या कोऱ्या धातूवर लावावी, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीत असल्याने हा वायू बाहेर नेण्यासाठी नळी दिलेली आहे. नवी बॅटरी बसवताना ती जोडण्यास विसरू नये. पेट्रोलचा वास येत असेल, तर ठिणगीची कोणतीही चाचणी करू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर प्राणघातक ठरू शकते.

माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जपानमध्ये पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली आणि काही सुट्या भागांचे उत्पादनही पुन्हा हाती घेतले. प्रत्येक जुन्या गाडीच्या नशिबी असा जागरूक निर्माता नसतो. मूळ भाग जपून वापरणे, ही तिच्या मालकाचीच जबाबदारी राहते. पुढच्या वेळी किल्ली फिरवूनही इंजिन मौन राहिले, तर पाना हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. इंजिन फिरते आहे का? फिरत नसेल, तर वीज नेमकी कोठे अडली? फिरत असेल, तर पेट्रोल आणि ठिणगी यांपैकी काय कमी आहे? या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मेकॅनिककडे नेली, तरी त्याचे अर्धे काम झालेले असते आणि मालकाचा बराचसा खर्च वाचलेला असतो.